पोटापुरता डिंक

मार्गशीर्षात भाची बाळंत झाली आणि मी बॅग भरून सहकारनगरला तिच्या घरी मुक्कामाला गेले. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, भाचीच्या सासूबाई अजून नोकरीत. त्यामुळे सव्वा महिन्याची पाळी आपसूक मावशीकडे आली. मला काही त्याचं ओझं नव्हतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ‘तू ये’ असं कुणी म्हटलं की मी चपला शोधतच फोन ठेवते.

पहिलं काम डिंकाच्या लाडवांचं. रविवार पेठेत जाऊन डिंक आणला. (घरबसल्या दहा मिनिटांत येतो, हे भाचेजावयांनी मला दोनदा सांगितलं. डिंक हातात घेऊन बघितल्याशिवाय घ्यायचा नसतो, हे मी त्यांना एकदाच सांगितलं.) दुकानदाराने विचारलं, ‘बाभळीचा की धावड्याचा?’ धावड्याचा घेतला. मधाच्या रंगाचे खडे, उजेडाकडे धरले की आरपार दिसणारे. एखाद्याला सालीचा काळा कपचा चिकटलेला. दुपारी ओट्याशी उभी राहून ते कपचे काढत बसले, मग कढईत तूप चढवलं. डिंक चार-चार खडेच टाकायचा. घाई केली की बाहेरून फुलतो, आत कच्चा राहतो आणि नेमका बाळंतिणीच्या दाढेत जाऊन बसतो. खडा आधी तुपात गप्प पडून असतो. मग तडतडतो, अंग चोरतो आणि एकदम लाहीसारखा पांढरा होऊन वर येतो.

अशी मी झाऱ्या घेऊन उभी असताना भाचीचा धाकटा दीर स्वयंपाकघरात आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, “मावशी, हे बघा. फिंगर मंकी! बोटाएवढं असतं. इथे मिळवून देणारे लोक आहेत म्हणे. बाळाला खेळायला मस्त ना?”

पडद्यावर कुणाचा तरी अंगठा होता आणि त्याला मिठी मारून बसलेलं, मोठाल्या डोळ्यांचं, तांबूस-सोनेरी काहीतरी. मी म्हटलं, “खोटं असेल रे. हल्ली काहीही बनवतात.”

डिंक तेवढ्यात करपला.

तो प्राणी खोटा नव्हता. रात्रीची पाळी माझी असायची. अकराचं दूध झालं की भाचीला झोपू द्यायचं आणि बाळाला खांद्यावर घेऊन हॉलमध्ये येरझाऱ्या घालायच्या. ते झोपलं तरी खाली ठेवलं की जागं होई. मग एका हाताने बाळ, दुसऱ्या हाताने फोन. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं असल्याने एकदा शंका आली की ती मला चघळावीच लागते. त्या सव्वा महिन्यात, घरात सगळे घोरत असताना, मी या माकडाबद्दल जेवढं वाचलं तेवढं नोकरीत असताना कशाबद्दलही वाचलं नसेल.

मराठीत त्याला नाव नाही. असणार कुठून? आपल्याकडे दोनच शब्द: लाल तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं ते वानर. सिंहगडावर हातातलं कणीस पळवतं ते पहिलं. हा प्राणी राहतो ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात. कोलंबिया, इक्वेडोर, पेरू, ब्राझीलचा पश्चिम भाग आणि बोलिव्हियाचा उत्तरेकडचा कोपरा. इंग्रजीत पिग्मी मार्मोसेट, शास्त्रीय नाव सेबुएला. तिकडे स्पॅनिश बोलणारे त्याला ‘लेओन्सिओ’ किंवा ‘लेओन्सितो’, म्हणजे सिंहाचं पिल्लू, म्हणतात, कारण तोंडाभोवती आयाळीसारखे केस असतात. मी मनातल्या मनात टिल्लू म्हणायला लागले.

टिल्लूचं वजन १०० ते १२० ग्रॅमच्या घरात. माझे लाडू जरा मोठे होतात. दोन तराजूत टाकले की एक माकड. डोक्यापासून धडापर्यंतची लांबी वीतभरही नाही, शेपटी मात्र अंगाहून लांब. गॅलरीसमोरच्या शेवग्यावर एक खार दिवसभर वरखाली करायची, तिच्याएवढंच. आणि भीमाशंकरचं आपलं शेकरू, म्हणजे शेवटी खारच, दीड-दोन किलोचं भरतं. एका शेकरूच्या वजनात पंधरा माकडं! हे गणित मी रात्री एक वाजता केलं आणि एकटीच हसले. जगातलं सगळ्यात लहान माकड हेच. सगळ्यात लहान प्रायमेट (माकडं, लेमर आणि आपण माणसं ज्या गटात येतो तो) मात्र नव्हे. तो मान मादागास्करमधल्या एका माऊस लेमरचा, तो जेमतेम तीस ग्रॅमचा. पण लेमर हे माकड नव्हे, आणि ही चूक मी वर्गात लाल शाईने खोडली असती.

नोंदींचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण मलाच त्यात फार गोडी वाटली नाही. योहान बाप्टिस्ट फोन स्पिक्स नावाचा बव्हेरियाचा निसर्गअभ्यासक १८१७ ते १८२० या काळात ब्राझीलमध्ये हिंडला आणि १८२३ मध्ये त्याने या माकडाचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं. पोट पांढरं असलेल्या टिल्लूंना १९४० मध्ये ल्योनबर्ग या स्वीडिश अभ्यासकाने वेगळं नाव दिलं. पांढऱ्या पोटाचे आणि स्पिक्सचे टिल्लू आता दोन वेगळ्या जाती मानले जातात.

पण मी खरी अडकले ती त्याच्या जेवणात. टिल्लू डिंक खातो.

म्हणजे किडे खातो, नाकतोडे धरतो, डिंकावर आलेलं फुलपाखरू दबा धरून पकडतो, हे खरं. पण मुख्य जेवण झाडाचा डिंक आणि चीक. दुसरे बरेच प्राणी झाडातून आपणहून पाझरलेला डिंक चाटतात. हा झाडाला स्वतः भोक पाडतो. त्याचे खालचे पुढचे दात लांब, शेजारच्या सुळ्यांच्या बरोबरीला आलेले असतात, आणि त्या दातांना बाहेरून जाड एनॅमल असतं, आतल्या बाजूला जवळजवळ नसतंच. त्यामुळे वापरता वापरता आतली बाजू आधी झिजते आणि धार आपोआप राहते. सुताराची पटाशी अशीच असते, एका बाजूने उतरती. वरचे दात सालीत रोवून खालच्यांनी खरवडत जायचं, सालीला नखाएवढा खळगा पाडायचा आणि निघून जायचं. मग झाड आपली जखम भरायला डिंक सोडतं. टिल्लू परत येतो तेव्हा वाटी भरलेली असते.

एकेका झाडावर असे शेकडो खळगे असतात. फोटोत खोड जुन्या पोळपाटासारखं दिसतं, टोचलेलं. नवी भोकं, जुनी भोकं, वाळलेली, पुन्हा उकरलेली. उभ्या जाड खोडावर त्या इवल्या हातांची मिठी बसणार नाही, म्हणून त्याच्या बोटांना बाकीच्या माकडांसारखी सपाट नखं नाहीत, नख्या आहेत. सपाट नख फक्त पायाच्या अंगठ्याला. नख्या रोवायच्या, खोडाला चिकटून राहायचं, मान पार मागे वळवून ससाणा येत नाही ना ते बघायचं आणि पुन्हा खरवडायचं. आकार लहान का, याचं उत्तरही बहुधा इथेच असावं. या घराण्याचे पूर्वज मोठे होते, पिढ्यान् पिढ्या ते आकसत गेले. पाझर तो केवढा आणि त्यावर पोट किती जणांचं!

इक्वेडोरमध्ये ती कुठल्या झाडांचा डिंक खातात याच्या यादीत एक नाव दिसलं आणि मी येरझाऱ्या थांबवल्या: स्टर्क्युलिया. हे तर आपल्या कांडोळाचं घराणं. सह्याद्रीच्या कोरड्या उतारांवर हिवाळ्यात पानं झडलेलं, पांढऱ्याफटक बुंध्याचं, रात्री बघून दचकायला होतं ते झाड. त्याच्या खोडाला खाच पाडून कराया डिंक काढतात. खाच पाडायची, थांबायचं, गोळा करायचं. जात वेगळी, समुद्र वेगळा, रीत तीच. फक्त आपण कोयता वापरतो आणि उरलेलं विकतो.

दुसऱ्या दिवशी डब्यात उरलेल्या डिंकाचा खडा काढून मी पुन्हा पाहिला. त्याला चिकटलेला तो काळा कपचा मला आदल्या दिवशी केर वाटला होता.

डिंक पचायला सोपा नाही, हेही सांगायला हवं. ती साखरेचीच साखळी, पण इतकी गुंतागुंतीची की आपली पाचकद्रव्यं ती तोडू शकत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडतात, त्यांना जमेल तेवढं. (म्हणजे लाडवाची ताकद डिंकाची किती आणि तूप-खारीक-खोबऱ्याची किती, हा प्रश्न येतो. तो मी भाचीच्या सासूबाईंसमोर काढला नाही.) टिल्लूच्या पोटात मात्र अन्न त्याच्या आकाराच्या मानाने बराच वेळ रेंगाळतं, आणि तेवढ्या वेळात जिवाणू डिंक फोडून देतात. डिंकातून कॅल्शियम मिळतं, जे किड्यांत फार नसतं. ज्या प्राण्याची मादी बहुतेकदा जुळ्यांना जन्म देते, तिला ते लागणारच.

आता जुळ्यांचं. टिल्लूच्या जातीत जुळी हा नवलाचा विषय नाही, रीतच आहे. गर्भारपण साधारण साडेचार महिन्यांचं. जन्मलेलं पिल्लू पंधरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन मिळून आईच्या वजनाचा चौथा हिस्सा. भाचीला हा हिशेब सांगितला. साठ किलोच्या बाईला पंधरा किलोची बाळं. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी विषय तिथेच सोडला. पुढचं सांगितलंच नाही: पिल्लं अंगावर पीत असतानाच, काही आठवड्यांत, मादी पुन्हा गाभण राहते.

एवढं एकटीने होत नाही, म्हणून तिथे सगळं घर कामाला लागतं. बाप पहिल्या दिवसांपासून पिल्लं पाठीवर वागवतो. आई पाजायला घेते, पाजलं की परत देते. आधीच्या वेताची थोरली भावंडं वागवतात. एका टोळीत दोनपासून नऊपर्यंत जण, त्यात पिल्लं काढणारी मादी सहसा एकच. बाकीचे बाळ सांभाळणारे. सगळे खायला जाताना कधी पिल्लांना जवळच्या फांदीच्या आडोशाला ठेवून जातात. एवढ्या कुटुंबाचा सगळा संसार एकराच्या आतबाहेरच्या जागेत, नदीकाठच्या जंगलात, एका-दोन मुख्य डिंकाच्या झाडांभोवती. ते झाड आटलं की बिऱ्हाड हलवायचं.

आमच्या फ्लॅटमध्ये त्या महिन्यात हेच चाललं होतं, फक्त झाड नव्हतं. भाचेजावयांना हिंजवडीच्या कंपनीने जी काही सुट्टी दिली ती बारशाच्या आधीच संपली. तरी कामावरून आले की हातपाय धुऊन बाळ घ्यायचे ते जेवेपर्यंत. सासूबाई पहाटेची पाळी करत. सोसायटीतल्या शेजारीण काकू मालीश करणाऱ्या बाईंचं काम संपेपर्यंत दूध उतू जाणार नाही ना ते बघत. एकटा तो दीरच हात लावायला घाबरायचा. “मान धरता येत नाही मला,” म्हणायचा आणि फोटो काढायचा.

आवाजांबद्दल वाचलं ती रात्र मला नीट आठवते, कारण बाळ त्या रात्री पोट दुखून रडत होतं. विस्कॉन्सिन विद्यापीठात चार्ल्स स्नोडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माकडांचे आवाज वर्षानुवर्षं ऐकले. टिल्लू दाट पानांत एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून सतत बारीक किलबिल करत ‘आहेस का? आहे’ चालू असतं. त्यातही अक्कल आहे. सोबती जवळ असेल तर असा आवाज काढायचा की तो कुठून आला ते शत्रूला कळू नये; सोबती लांब असेल तर असा, की त्याला दिशा सापडावी. आणि ते पाळीपाळीने बोलतात. एकाने हाक दिली की तोच लगेच पुन्हा बोलत नाही, बाकीच्यांची वाट बघतो. हे माझ्या माहेरच्या एकाही लग्नाच्या बैठकीत मी पाहिलेलं नाही.

इक्वेडोरमध्ये स्टेला दे ला तोरे यांनी स्नोडन यांच्याबरोबर रानातल्या टोळ्यांच्या हाका ध्वनिमुद्रित केल्या. वेगवेगळ्या ठिकाणच्या टोळ्यांच्या हाकांची ढब वेगळी निघाली. बोलीच म्हणा. मी कराडची, लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा माझं ‘काय करायलीस’ ऐकून सासरचे हसायचे. टिल्लूंमध्ये सुना परगावाहून आल्या तर काय होत असेल?

पण मला सगळ्यात आवडलं ते पिल्लांचं. पहिल्या काही आठवड्यांतच पिल्लं बडबडायला लागतात. अर्थ नसलेली, लांबच लांब बडबड. मोठ्यांच्या आवाजांचे तुकडे कसेही जोडलेले, भीतीच्या हाकेला लागून खाण्याची हाक, तिला लागून जवळिकीची किलबिल, प्रत्येक तुकडा दोन-तीनदा घोळलेला. १९९८ मध्ये स्नोडन यांच्या गटाने हे मांडलं तेव्हा माणसाच्या बाळाच्या ‘बा-बा-दा-दा’शी त्याची तुलना केली. बडबडणाऱ्या पिल्लाकडे मोठे जास्त लक्ष देतात, जवळ घेतात. म्हणजे बडबडीला अर्थ नसेल, पण उत्तर मिळतं.

त्या रात्री आमचं बाळ बडबडत नव्हतं, भोकाड पसरत होतं. उत्तर म्हणून मी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम केली.

आठवड्याभराने दिराने पुन्हा विषय काढला. मी त्याला रागावले नाही. मुलगा चांगला आहे. त्याला ते माकड खरंच आवडलं होतं. मी फक्त समोरच्या टेबलावरच्या वस्तू दाखवत गेले. “ही बाटली कशाची?” “डी थ्रीचे थेंब. डॉक्टरांनी रोज द्यायला सांगितलेत.” मग मी सांगितलं की अमेरिका खंडातल्या या माकडांना ड जीवनसत्त्व आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त लागतं, उन्हावाचून बंद खोलीत ठेवलं तर हाडं वाकतात. “बाळाचा पापा घ्यायचा नाही, असं भिंतीवर कुणी चिकटवलंय?” “वहिनीने.” ओठावर ज्याने तापाचे फोड येतात त्या नागिणीच्या भाऊबंद विषाणूचं आपल्याला फार काही वाटत नाही, तो मार्मोसेटला लागला तर बहुतेकदा मरण. म्हणजे त्या व्हिडिओतल्या माणसाने लाडाने त्याचा पापा घेतला असेल तर?

कायद्याचंही सांगितलं. २०२२ मध्ये वन्यजीव कायदा दुरुस्त झाला. वन्यप्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला असा परदेशी प्राणी बाळगायचा तर त्याची सरकारदरबारी नोंद लागते, पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. यावर तो पटकन म्हणाला, “नोंद करू ना मग.” पिढीच तशी, फॉर्म भरायला घाबरत नाही.

तेव्हा मी विचारलं, “एक आणणार की नऊ?”

“एकच.”

“आणि ते ‘आहेस का’ म्हणालं की उत्तर कोण देणार?”

तो काही बोलला नाही. फोन खाली ठेवला मात्र. तेवढ्यात आतून बाळ उठलं. भाची अंघोळीला गेलेली, माझे हात लाडवांच्या गुळाने चिकट. मी म्हटलं, “जा, घे.” “मावशी, मान…” “डावा हात मानेखाली, उजवा ढुंगणाखाली. जा.” गेला. बराच वेळ आतून काही आवाज आला नाही, म्हणून मी हात न धुताच डोकावले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता, श्वास रोखून, जणू त्याच्या मांडीवर कुणी दुधाचं भरलं पातेलं ठेवलंय. बाळ त्याच्या शर्टाचं बटण मुठीत धरून झोपलेलं.

सव्वा महिना संपला, मी घरी आले. इक्वेडोरचं एक वाचन अर्धवट राहिलं होतं ते नंतर केलं. पर्यटकांच्या होड्यांची आणि माणसांची वर्दळ असते तिथल्या टोळ्या झाडांवर वर सरकतात. धरपकड होते तिथे त्यांची किलबिल कमी होते, आपसातलं खेळणंही. दोन्ही जाती आज जागतिक यादीत ‘असुरक्षित’ गटात आहेत. पकडायला येणारा माणूस पिल्लापाशी पोचायचा म्हणजे त्याला पाठीवर घेतलेल्या बापापाशी पोचतो. त्या व्हिडिओतल्या अंगठ्यावरचं पिल्लू कुणाच्या पाठीवरून काढलं असेल, हे मी दिराला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, अजून ठरत नाही.

ज्येष्ठात उष्टावणाला पुन्हा सहकारनगरला गेले. आदल्या रात्री पहिला पाऊस होऊन गेला होता. गॅलरीत उभी राहिले तर शेवग्याच्या खोडावर, जिथे सोसायटीच्या माणसाने फांदी छाटली होती तिथे, लालसर डिंकाचा गोळा पावसाने फुगून जेलीसारखा लोंबत होता. खार त्याला वळसा घालून वर गेली. तिला त्यात रस दिसला नाही.

मागे हॉलमध्ये दीर बाळाला कडेवर घेऊन उभा होता, एका हाताने, मानेबिनेची काळजी न करता. बाळ म्हणालं, “ब-ब-ब-ब.”

तो म्हणाला, “ब-ब-ब.” आणि थांबला.

बाळाने त्याच्या तोंडाकडे बघितलं, बराच विचार केला आणि म्हणालं, “द-द.”

“काय म्हणतोय रे?” स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं.

“थांब आई,” तो म्हणाला, “आता माझी पाळी आहे.”